किकऑफची वेळ आधी सांगा: कॉलेज फुटबॉलचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉल परिषदांचे (विद्यापीठ संघांच्या गटांचे) आयुक्त,
विद्यापीठांचे क्रीडा संचालक,
आणि सामन्यांच्या वेळा निवडणाऱ्या वाहिन्यांचे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयांकडे वेगळी पाठवली आहे. इथे मराठीत आणि जाहीरपणे लिहिते आहे, कारण किकऑफची, म्हणजे सामना सुरू होण्याची, वेळ उशिरा कळण्याचा हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. पर्ड्यू, इलिनॉय, मिशिगन, ओहायो स्टेट, पेन स्टेट, टेक्सस ए अँड एम, ॲरिझोना स्टेट अशा विद्यापीठांत दरवर्षी महाराष्ट्रातून मुलं शिकायला येतात. पहिल्या वर्षी कुणीतरी ओढून नेतं म्हणून स्टेडियममध्ये जातात आणि त्यातली बरीच जण कायमची या खेळाची होऊन जातात. मी त्यांतलीच एक. मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठातून मी मास्टर्स केलं. आता तिथून गाडीने अडीच तासांवर राहते, एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि नवरा व मुलांसकट आमच्या घराची सीझन तिकिटं आहेत.

यंदा वसंतात तिकिटांच्या नूतनीकरणाची मेल आली. पैसे भरायची शेवटची तारीख ठळक अक्षरांत होती. पार्किंगचे नवे दर होते, आणि ठरावीक जागा राखायची तर द्यायची देणगीही होती. खाली घरच्या सामन्यांचा तक्ता होता. त्यात प्रतिस्पर्धी आणि तारीख होती, पण वेळेच्या रकान्यात एकाखाली एक ‘टीबीए’, म्हणजे वेळ नंतर जाहीर होईल. मी तिकीट कार्यालयाला फोन केला. फोनवरची मुलगी अगदी सौजन्याने म्हणाली, “मॅडम, वेळ आमच्या हातात नसते.” तिचं खरंच आहे, म्हणून ज्यांच्या हातात असते त्यांना लिहिते आहे.

हजारो डॉलर आगाऊ घ्यायचे आणि सामना दुपारी बाराला आहे की रात्री आठला, हे सामन्याच्या बारा दिवस आधी सांगायचं. कधी कधी तर तुमची वाहिनी निवड राखून ठेवते आणि सहा दिवस आधी सांगते. लग्नपत्रिकेवर तारीख छापावी आणि मुहूर्ताच्या जागी ‘मागाहून कळवू’ लिहावं, असा हा प्रकार आहे. पहिल्या तीन आठवड्यांच्या वेळा तुम्ही उन्हाळा लागायच्या सुमारास जाहीर करता, तेवढ्याबद्दल आभार. पण खरा हंगाम त्यानंतरच सुरू होतो.

कोणती वेळ चांगली यावर चाहत्यांचं एकमत नाही, हे मला माहीत आहे. स्टेडियममध्ये आमच्या शेजारच्या जागेवर एक आजोबा बसायचे. सोयाबीन आणि मक्याची शेती, ऑक्टोबरभर कापणीचे दिवस. त्यांना बाराचा सामना आवडायचा, कारण तो साडेतीन-चारला संपतो आणि माणूस दिवेलागणीच्या आधी घरी पोचतो. लहान मुलांच्या आईबापांनाही तीच वेळ बरी वाटते. पण विद्यार्थ्यांना विचारा! बाराच्या सामन्याला त्यांचा कोपरा पहिला क्वार्टर (सामन्याचा पहिला पाव भाग) संपेपर्यंत अर्धा रिकामा असतो. लांबून येणाऱ्यांना पहाटे पाचला घर सोडावं लागतं. टेलगेट म्हणजे खरं तर अंगतपंगत. वाहनतळावर ओळीने तंबू, कुणाच्या ग्रिलवर सॉसेज, आमच्याकडे मिसळ, आणि पलीकडच्या तंबूतला अनोळखी माणूस पाव संपेपर्यंत आमच्यात बसलेला. बाराच्या किकऑफला यातलं काहीच होत नाही. डब्यातून आणलेले गार पोहे उभ्याउभ्या खायचे आणि फाटकाकडे पळायचं.

दक्षिणेत गोष्ट उलटी. लुइझियानात सप्टेंबरच्या दुपारी ॲल्युमिनियमच्या बाकावर बसणं ही शिक्षा असते. एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या) टायगर स्टेडियमने १९३१ पासून रात्रीचे सामने आपलेसे केले ते उगाच नाही. तिथल्या लोकांना रात्र हवी असते आणि ती त्यांना मिळायला हवी. उत्तरेतही एखादी रात्र आम्हाला हवीच असते. मिशिगनच्या स्टेडियममध्ये २०११ साली नोत्र दामविरुद्ध पहिला रात्रीचा सामना झाला तेव्हा एक लाख चौदा हजारांवर माणसं आली होती, आणि मिशिगनने तो अगदी शेवटच्या क्षणी जिंकला. अशी रात्र वर्षात एकदा आली की वर्षभर पुरते. पश्चिम किनाऱ्याचं दुखणं आणखी वेगळं. तिथे साडेसातला सुरू झालेला सामना अकराला संपतो आणि तोवर पूर्वेकडचा देश झोपलेला असतो. वॉशिंग्टनचे तेव्हाचे प्रशिक्षक ख्रिस पीटरसन यांनी २०१७ मध्ये या उशिराच्या वेळांबद्दल चाहत्यांसाठी जाहीर नाराजी व्यक्त केली, तेव्हा वाहिनीवरच्या काही समालोचकांनी त्यांनाच चार शब्द सुनावले. प्रशिक्षकाचं बोलणं ऐकून घेतलं जात नसेल, तर तिकीटधारकाचं कोण ऐकणार?

माझी स्वतःची पसंती विचाराल तर दुपारी साडेतीन. सकाळी शांतपणे निघावं, दुपारी निवांत जेवावं, तिसऱ्या क्वार्टरला ऊन समोरच्या स्टँडवरून उतरत जावं, दिवे लागावेत आणि दहा-साडेदहाला घरी पोचावं. पण साडेतीनच द्या, असं मी म्हणत नाही. वेळ कोणतीही द्या, ती वेळेवर सांगा आणि सगळ्यांना वाटून द्या. माझं म्हणणं एवढंच आहे.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार उशिरा कळवण्याची. आमच्या प्रयोगशाळेत ड्युटीचा तक्ता सहा आठवडे आधी लागतो. नर्सेस, दुकानातले कामगार, अग्निशमन दलातले लोक, सगळ्यांचं तसंच. बारा दिवस आधी वेळ कळली की मला कुणाच्या तरी हातापाया पडून शिफ्ट बदलावी लागते, आणि तीही दर वेळी मिळत नाही. हॉटेलचं तर विचारूच नका. कॉलेजच्या गावांत सामन्याच्या शनिवार-रविवारी खोल्या कित्येक महिने आधी भरतात, आणि बऱ्याच ठिकाणी दोन रात्रींचं भाडं भरल्याशिवाय खोली देत नाहीत. बाराचा सामना असेल तर शुक्रवारची रात्र हवी, रात्रीचा असेल तर शनिवारची. वेळ माहीत नसली की दोन्ही रात्रींचे पैसे भरायचे किंवा मध्यरात्री गाडी हाकायची.

यात आमच्या मराठी मंडळाचंही नुकसान होतं, ते थोडं सविस्तर सांगते, कारण असे कार्यक्रम करणारे या देशात आम्ही एकटे नाही. मंडळाची दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या एखाद्या शनिवारी असते. शाळेचा हॉल वसंतातच ठरवावा लागतो आणि अनामत परत मिळत नाही. फराळ, मुलांचे नाच, नाटुकलं, दीडशे पानांचं जेवण. मंडळातली निम्मी घरं फुटबॉलवेडी आहेत आणि स्वयंसेवक म्हणून येणारी विद्यार्थी मुलं तर सगळीच. सामना बाराला असेल तर कार्यक्रम सहाला ठेवता येतो. रात्री असेल तर दुपारी. पण साडेतीनचा असेल तर शनिवार सोडून रविवारच गाठावा लागतो. यातलं काय करायचं, हे कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधीपर्यंत आम्हाला कळत नाही. चर्चची जत्रा, पुस्तकालयाची विक्री, गावातली लग्नं, सगळ्यांची हीच रड आहे. सामन्याच्या दिवशी गावातले रस्ते तुमच्या ताब्यात असतात. मग कधीपासून कधीपर्यंत, हे गावाला आधी कळायला नको का?

दुसरी तक्रार एकाच वेळेच्या माऱ्याची. फॉक्स वाहिनीने २०१९ पासून आपला सर्वांत मोठा सामना दुपारी बाराला दाखवायचं धोरण घेतलं. वाहिनीच्या बाजूने ते हुशारीचं होतं, कारण साडेतीनला आणि रात्री इतर वाहिन्यांची स्पर्धा असते आणि बाराचं मैदान मोकळं होतं. पण त्याचा अर्थ असा झाला की संघ जितका चांगला खेळेल तितका तो बाराच्या खणात, म्हणजे प्रक्षेपणाच्या त्या ठरावीक वेळेत, अडकत जातो. २०२४ च्या २ नोव्हेंबरला पेन स्टेटच्या मैदानावर ओहायो स्टेटशी सामना होता. देशातला तिसरा आणि चौथा संघ. अशा सामन्यासाठी त्या गावाने रात्रीची वाट पाहिली होती, तो दुपारी बाराला झाला. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस कोलंबसमध्ये टेक्सस विरुद्ध ओहायो स्टेट, अव्वल क्रमांकाचा संघ विरुद्ध गतविजेता, तोही बाराला. ओहायोत लोकांचा संताप इतका वाढला की एका आमदाराने बाराच्या किकऑफवर कायद्याने बंदी आणायचा प्रस्ताव पुढे केला. फुटबॉलची वेळ कायद्याने ठरावी, हे मला पटत नाही. पण विधानसभेपर्यंत जायची पाळी लोकांवर का आली, याचा विचार तुम्ही केला पाहिजे. मिशिगन-ओहायो स्टेट हा सामना दुपारी बाराला होतो आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ती परंपरा आहे, लोकांनी आपली मानलेली आहे. लादलेल्या वेळेची गोष्ट निराळी.

तिसरी तक्रार उत्तरेतल्या नोव्हेंबरच्या रात्रींची. आमच्याकडे जुने प्रेक्षक पायाखाली खोक्याचा पुठ्ठा अंथरतात, कारण सिमेंटची थंडी बुटाच्या तळव्यातून वर चढते. दर थोड्या वेळाने जाहिरातींसाठी खेळ थांबतो. लाल टोपी घातलेला माणूस मैदानात येऊन उभा राहतो, तो बाजूला झाल्याशिवाय पंच शिट्टी वाजवू शकत नाहीत. घरी बसलेला माणूस तेवढ्यात चहा करून घेतो, आम्ही पुठ्ठ्यावर पाय आपटत त्या लाल टोपीकडे बघत असतो. सामना साडेतीन तास चालतो. २०२३ मध्ये फर्स्ट डाउन, म्हणजे दहा यार्ड पुढे गेल्यावर मिळणारी नवी संधी, मिळाल्यावर घड्याळ न थांबवण्याचा नियम (प्रत्येक अर्ध्यातली शेवटची दोन मिनिटं सोडून) करून खेळ आखडता घेतलात, जाहिराती मात्र होत्या तशाच राहिल्या. साडेसातला सुरू झालेला सामना अकराला संपतो, वाहनतळातून बाहेर पडायला तास लागतो, आणि मग दोन पदरी रस्त्यावरून अंधारात घरी. नोव्हेंबर हा हरणांच्या माजाचा काळ. रस्त्यावर हरीण आडवं येऊन अपघात व्हायचा धोका याच दिवसांत सर्वाधिक असतो. आमच्या शेजारच्या आजोबांनी दोन हंगामांपूर्वी तिकिटं सोडली ती याच कारणाने. मुलगा सोबत येऊ शकला तर रात्रीचा सामना बघता यायचा, पण मुलाला सुट्टी काढायला वेळ आधी कळायला हवी होती. माझ्या मुलीला थर्ड डाउन म्हणजे काय ते त्यांनी शिकवलं होतं. आता त्या जागेवर दर सामन्याला वेगळा माणूस असतो, ऐन वेळी इंटरनेटवरून तिकीट घेतलेला.

मंगळवार-बुधवारच्या सामन्यांबद्दल थोडंच लिहिते, कारण तिथले चाहते माझ्याहून चांगलं सांगतील. मिड-अमेरिकन परिषदेचे संघ नोव्हेंबरात आठवड्याच्या मधल्या रात्री खेळतात, कारण त्या रात्री वाहिनीला दुसरं काही दाखवायचं नसतं. टोलिडो किंवा बॉल स्टेटच्या माजी विद्यार्थ्याने बुधवारी रात्री दोन तास गाडी चालवून यावं आणि गुरुवारी सकाळी आठला कामावर हजर व्हावं, अशी ही अपेक्षा आहे. शुक्रवारच्या रात्रीही आता मोठ्या परिषदांनी घ्यायला सुरुवात केली आहे. ती रात्र शाळांच्या फुटबॉलची. १९६० च्या दशकातल्या प्रक्षेपण कायद्याने व्यावसायिक फुटबॉलला या रात्रीपासून दूर ठेवलं, ते शाळांची मैदानं ओस पडू नयेत म्हणून. एनएफएल या व्यावसायिक लीगने जी रात्र सोडली, ती विद्यापीठांनी घ्यावी, हे मला अजिबात शोभणारं वाटत नाही.

तुमची बाजू मला ठाऊक आहे. १९८४ पर्यंत प्रक्षेपण एनसीएए या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेच्या मुठीत होतं आणि एखादा संघ किती वेळा टीव्हीवर दिसेल यावर मर्यादा होती. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती मूठ सोडवली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः एके काळचे नावाजलेले कॉलेज फुटबॉलपटू होते. या खेळाला निव्वळ व्यापाराच्या मापाने मोजू नये, असा त्यांच्या मताचा रोख होता. त्यानंतर जे करार झाले ते झाले. बिग टेन परिषदेचा २०२३ पासूनचा करार सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा आहे. त्यात बारा, साडेतीन आणि रात्र असे तीन खण तीन वाहिन्यांनी वाटून घेतले आहेत. २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसेही देता येतात, पहिल्या वर्षाची मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. खेळाडूंना त्यांच्या घामाचा मोबदला मिळतो आहे याचा मला आनंद आहे. तो पैसा टीव्हीतून येतो हेही मान्य. टीव्हीने मला खूप काही दिलं आहे. बाराचा सामना असला की सांगलीत रात्री साडेनऊ (नोव्हेंबरात साडेदहा) वाजलेले असतात आणि माझा भाऊ फोन करून “काय, जिंकताय का?” विचारतो.

पण वाहिनी ज्यासाठी पैसे मोजते ते काय असतं? भरलेलं स्टेडियम, बँड, विद्यार्थ्यांचा गोंगाट, एक लाख माणसं एकाच वेळी उठून उभी राहिलेली. ते दृश्य आम्ही तयार करतो, आणि त्यासाठी उलट आम्हीच पैसे भरतो. करारावर सही करताना तीन पक्ष खोलीत होते, आम्ही नव्हतो. “तिकिटं तर संपतात,” असं उत्तर तुमच्यापैकी काहींनी वर्तमानपत्रांतून दिलं आहे. तिकिटं संपतात हे खरं आहे. ती कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली, हे विक्रीच्या आकड्यात दिसत नाही.

आणि हे जमत नाही असंही नाही. एसईसी ही दक्षिणेतली परिषद आणि ईएसपीएन वाहिनी यांनी २०२४ पासून हंगाम सुरू व्हायच्या आधीच, उन्हाळ्यात, जवळजवळ प्रत्येक सामन्याचा खण जाहीर करायला सुरुवात केली. पूर्वेकडच्या वेळेनुसार बारा ते एक, साडेतीन ते साडेचार, किंवा सहा ते आठ. काही सामने दुपार की रात्र एवढं ठरवायचं राखून ‘फ्लेक्स’ ठेवतात, पण निदान तो सामना सकाळी उठून पळायचा नाही हे तरी जूनमध्ये कळतं. अलाबामाच्या चाहत्याला जूनमध्ये खोली घेता येते, मग आम्हाला का नाही? एनएफएल तर मे महिन्यात, शेवटचा आठवडा सोडला तर, जवळजवळ अख्खा तक्ता वेळांसकट छापते आणि मोजकेच सामने हलवते. तिथे वाहिन्या त्याच आहेत, जाहिरातदारही तेच.

म्हणून माझ्या मागण्या अशा :

१. सीझन तिकिटांच्या नूतनीकरणाची शेवटची तारीख वेळापत्रक जाहीर झाल्यानंतरची ठेवा. ते शक्य नसेल तर प्रत्येक सामन्याचा खण, म्हणजे दुपार, तिसरा प्रहर की रात्र, निदान १५ जूनपर्यंत सांगा.

२. प्रत्येक संघाचे जास्तीत जास्त दोन घरचे सामने ‘फ्लेक्स’ असावेत, आणि त्यांची वेळ किमान तीन आठवडे आधी नक्की व्हावी. सहा दिवसांची सवलत पूर्ण बंद करा.

३. कोणत्याही संघाचे निम्म्याहून अधिक घरचे सामने एकाच खणात नकोत. प्रत्येक हंगामात घरचा निदान एक सामना तिसऱ्या प्रहरी आणि एक रात्री व्हावा.

४. उत्तरेकडच्या राज्यांत नोव्हेंबरात रात्रीचा घरचा सामना विद्यापीठाच्या लेखी संमतीशिवाय ठेवू नका. दक्षिणेत सप्टेंबरच्या भर दुपारच्या सामन्यांना हाच नियम लावा.

५. शुक्रवारच्या रात्री शाळांना परत द्या.

६. जाहीर झालेली वेळ बदलली आणि तिकीटधारकाला येणं जमलं नाही, तर त्या सामन्याचे तिकिटाचे आणि पार्किंगचे पैसे परत करा.

७. पुढच्या प्रक्षेपण कराराच्या वाटाघाटींत सीझन तिकीटधारक आणि विद्यार्थी यांचा प्रतिनिधी प्रत्येक परिषदेने सोबत घ्यावा, आणि वेळांबद्दल चाहत्यांची पसंती दरवर्षी विचारून ती जशीच्या तशी प्रसिद्ध करावी.

हे वाचणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती. तुम्ही ज्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आहात, त्याच्या क्रीडा संचालकांना यातल्या ज्या मागण्या पटतील त्या आपल्या शब्दांत लिहून पाठवा. माजी विद्यार्थी संघटनेलाही पाठवा. देणगीच्या मागणीला उत्तर देताना हा विषय काढा, तिथे तो लगेच वाचला जातो.

आणि तुम्हाला, म्हणजे ज्यांच्या नावे हे पत्र आहे त्यांना, एवढंच सांगते की पुढच्या वसंतात नूतनीकरणाची मेल निघण्याआधी मला या सातही मागण्यांवर तुमचं जाहीर उत्तर हवं आहे. जे मान्य नसेल ते का मान्य नाही, हेही त्यात असावं.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी आणि सीझन तिकीटधारक